धीर धरायला कसे शिकावे: देवाच्या वेळेवर विसंबून राहण्याचा अभ्यास

मराठीत ‘धीर’ या शब्दाच्या सोबतीला येणारी क्रियापदे पाहिली, तर या विषयाचे निम्मे मर्म तिथेच सापडते. धीर धरावा लागतो, तो सुटतो, खचतो, आणि दुसरा कोणी तो आपल्याला देऊही शकतो. म्हणजे धीर हा काहींना जन्मतः लाभलेला आणि इतरांच्या वाट्याला न आलेला स्वभावगुण नव्हे. तो हातात धरून ठेवायचा असतो, हात भरून आला की निसटतो आणि पुन्हा धरावा लागतो. इब्री भाषेत परमेश्वराची वाट पाहण्यासाठी जे क्रियापद स्तोत्रांत आणि यशयाच्या पुस्तकात येते, त्याच्याशी नाते सांगणारा ‘तिक्वा’ हा शब्द एरवी आशेसाठी वापरला जातो, आणि यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही नेमका हाच शब्द आला आहे.

धीर धरा, असा उपदेश ख्रिस्ती माणसाच्या कानांवर लहानपणापासून पडत असतो. तो धरायचा कसा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जे वर्षानुवर्षे एखाद्या गोष्टीसाठी प्रार्थना करत आहेत, मग ती संतती असो, विवाह असो, काम असो, आजारातून सुटका असो किंवा घरातील एखाद्या माणसाचे देवाकडे वळणे असो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आपली बहुतेक तगमग देवाच्या वचनाला उशीर झाल्यामुळे होत नाही, तर त्या वचनाला आपण परस्पर लावलेली मुदत उलटून गेल्यामुळे होते. म्हणून वचन आणि मुदत वेगळी करणे, हा या अभ्यासाचा पहिला आणि सर्वांत अवघड भाग आहे.

आधी कागद घ्यावा

एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात, आपण कशाची वाट पाहत आहोत ते एका वाक्यात लिहावे. हे सोपे वाटते, पण पुष्कळदा वाक्य जमत नाही, कारण जिची वाट पाहतो असे आपण म्हणत असतो त्या गोष्टीच्या मागे दुसरीच एखादी गोष्ट दडलेली असते. बढती हवी असे लिहिताना, वडिलांनी एकदा तरी आपले कौतुक करावे एवढेच आपल्याला हवे होते, हे लक्षात येऊ शकते. तसे लक्षात आले तर तेच लिहावे.

दुसऱ्या रकान्यात, ही अपेक्षा कशाच्या आधारावर आहे ते लिहावे. देवाने पवित्र शास्त्रात हे सर्व विश्वासणाऱ्यांना वचन म्हणून दिले आहे का, की ही माझी इच्छा आहे, की कोणीतरी सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून हे सांगितले होते? पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचे साहाय्य, मागणाऱ्याला ज्ञान, ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान ही वचने आहेत. अमुक ठिकाणचे काम किंवा अमुक वयापर्यंत विवाह हे वचन नाही. याचा अर्थ ते मागू नये असा मुळीच नाही. सर्व गोष्टींविषयी आपली मागणी देवाला कळवावी, असे पौलाने फिलिप्पैकरांना स्पष्ट लिहिले आहे. फक्त विनंती ही विनंतीच असते. तिला हुंडी समजून ती वटली नाही म्हणून देणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेणे, ही आपली चूक होते.

तिसऱ्या रकान्यात, हे केव्हापर्यंत व्हावे असे आपल्याला वाटते आणि ती मुदत कोणी ठरवली, हे लिहावे. येथे प्रामाणिकपणा लागतो. ‘धाकट्या बहिणीचे झाले म्हणून’, ‘नातेवाईक विचारतात म्हणून’, ‘माझ्या वयाच्या सगळ्यांचे झाले म्हणून’ अशी उत्तरे येतील, आणि ती जशी येतील तशी लिहावीत. पुनरुत्थित ख्रिस्ताने पेत्राच्या पुढच्या आयुष्याविषयी त्याला सांगितले, तेव्हा पेत्राने लगेच मागे वळून योहानाकडे पाहिले आणि याचे काय, असे विचारले. तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये, असे उत्तर त्याला मिळाले. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा कोणीतरी योहान असतोच.

हा कागद का महत्त्वाचा, हे यिर्मयाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या अध्यायांवरून चांगले समजते. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत आणि तो आपल्याला भावी सुस्थितीची आशा देणार आहे, या अर्थाचे एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन भिंतीवर आणि शुभेच्छापत्रांवर सर्रास दिसते. त्याच्या आधीचे दहावे वचन मात्र कोणी फ्रेममध्ये लावत नाही. त्या दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा आहे. हे पत्र बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून, दोन वर्षांत सगळे परत येईल, असे सांगत होता. दोन वर्षे कोणाला आवडणार नाहीत? पण हनन्याची मुदत खोटी ठरली आणि तो त्याच वर्षी मरण पावला. यिर्मयाचे पत्र ज्यांनी प्रौढ वयात ऐकले, त्यांतील बहुतेक जण परतीचा दिवस पाहण्यास जिवंत राहणार नव्हते, आणि तरीही ते अकरावे वचन त्यांनाच उद्देशून होते. वचन खरे आणि मुदत आपल्या आयुष्याहून मोठी, असे असू शकते. हे कटू सत्य आहे, पण ते आधी पचवले तर पुढचा रस्ता मोकळा होतो.

‘देव कधीच उशीर करत नाही’ या वाक्याविषयी

हे वाक्य आपण एकमेकांना फार सहज ऐकवतो. देवाच्या बाजूने ते खरे आहे असे मीही मानतो, परंतु वाट पाहणाऱ्याच्या बाजूने ते कसे ऐकू येते याचा विचार करायला हवा. लाजर आजारी आहे हे कळल्यावर येशू जिथे होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि बेथानीत पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटल्या, आणि दोघींच्या तोंडून एकच वाक्य निघाले: प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्या चार दिवसांत दोघी एकमेकींशी हेच बोलत असाव्यात, असे वाटल्याशिवाय राहत नाही. येशूने त्यांना, मी उशीर केलेला नाही, असे सुनावले नाही. पुढच्या काही क्षणांत आपण काय करणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. ज्याला देवाच्या वेळेवर विसंबायला शिकायचे आहे, त्याने उशिराचे दुःख नाकारण्याची गरज नाही, हे येथून घ्यावे.

प्रवचनांत आणखी एक गोष्ट नेहमी ऐकू येते, की ग्रीक भाषेत घड्याळातल्या काळाला ‘क्रोनोस’ आणि देवाने नेमलेल्या सुसंधीला ‘कैरोस’ म्हणतात. भेद उपयोगी आहे, पण त्याचा फार मोठा डोलारा उभारू नये. काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवले, या गलतीकरांस पत्रातील सुप्रसिद्ध वाक्यात पौलाने ‘क्रोनोस’ हाच शब्द वापरला आहे. साधे, एकामागून एक सरणारे दिवसच देवाच्या हातात भरत जातात. त्यांच्यापलीकडे कुठली वेगळी पवित्र घटिका शोधत बसायला नको.

गाऱ्हाणे मांडायला शिकावे

धीर धरणारा माणूस तक्रार करत नाही, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. याकोबाने आपल्या पत्रात धीराचा नमुना म्हणून ईयोबाचे नाव घेतले आहे, आणि ईयोबाने तर पुस्तकभर देवाशी वाद घातला आहे. त्याचा धीर त्याच्या गप्प बसण्यात नव्हता. तो देवाशी बोलणे सोडून निघून गेला नाही, यात होता.

यासाठी तेराव्या स्तोत्राचा वापर करावा. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या आणि चौथ्या वचनांत मागणी आहे, आणि शेवटच्या दोन वचनांत देवाच्या दयेवर भरवसा आहे. आठवड्यातून निदान दोनदा, शक्यतो एकांतात आणि मोठ्याने, हे स्तोत्र वाचावे आणि प्रत्येक भागानंतर थांबून आपल्या शब्दांत तेच करावे. आधी ‘कोठवर’ची आपली चार वाक्ये म्हणावीत: देवा, आणखी किती तपासण्या, आणखी किती नकार, आणखी किती रात्री. मग नेमके काय हवे ते मागावे. मग भरवशाचे एक वाक्य म्हणावे, आणि ते मनापासून येत नसेल तर फुगवून म्हणू नये. ‘तुझ्यावर भरवसा ठेवायची माझी इच्छा आहे’ एवढे खरे असेल तर तेवढेच म्हणावे.

काही दिवस तिसरा भाग जमणारच नाही. अशा दिवसांसाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे, जे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे आणि परमेश्वरालाच उद्देशून आहे. हा क्रम उलटा मात्र करू नये. आधी भरवशाची वाक्ये घाईने उरकून मनातली तक्रार दाबून टाकली, तर ती पुढे देवाकडे न जाता घरातल्या माणसांवर निघते.

हात रिकामे ठेवू नयेत

योसेफ सतरा वर्षांचा असताना त्याला स्वप्ने पडली, आणि तो फारोसमोर उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. मधल्या तेरा वर्षांत खड्डा, गुलामी आणि तुरुंग होता. या कथेत एक छोटी गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. तुरुंगात एका सकाळी योसेफाने फारोच्या प्यालेबरदाराच्या आणि आचाऱ्याच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि आज तुमचे चेहरे असे का उतरले आहेत, असे विचारले. स्वतः अन्यायाने बंदीत पडलेला माणूस दुसऱ्याचा उतरलेला चेहरा ओळखतो आणि त्याची विचारपूस करतो. त्याच्या सुटकेचा धागा त्या एका प्रश्नापासून सुरू झाला, पण प्रश्न विचारताना त्याला ते माहीत नव्हते. फारोला माझी आठवण करून दे, अशी विनंतीही त्याने प्यालेबरदाराला केली. तेव्हा मदत मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही, हेही येथेच दिसते. प्यालेबरदार विसरला आणि आणखी दोन वर्षे गेली, ही गोष्ट वेगळी.

यावरून नियम असा करावा, की ज्या गोष्टीची वाट पाहत आहोत तिच्याशी संबंध नसलेले, पण आज आपल्यावर सोपवलेले, निदान एक काम रोज नीट पूर्ण करायचे. यिर्मयाच्या त्याच पत्रात बंदिवानांना घरे बांधा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले होते. सामान बांधून उंबरठ्यावर बसून राहू नका, हा त्याचा अर्थ. ‘लग्न झाल्यावर’, ‘मूल झाल्यावर’, ‘बरे वाटल्यावर’ करू म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी करून पाहावी. त्यांतील निम्म्या तरी आज सुरू करता येण्याजोग्या असतात.

वाट पाहणे म्हणजे तयारी न करणे, असेही नव्हे. यरुशलेमेची भिंत मोडून पडली आहे हे पर्शियाच्या राजाच्या सेवेत असलेल्या नहेम्याने किसलेव महिन्यात ऐकले आणि तो राजाशी त्याबद्दल बोलला नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. त्या काळात तो उपास आणि प्रार्थना करत होता. पण राजाने, तुला काय हवे, असे विचारताच त्याच्याकडे उत्तर तयार होते: किती दिवस लागतील, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी कोणती पत्रे हवीत, लाकूड कोणाकडून मिळवायचे. उत्तर देण्यापूर्वी त्याने क्षणभर पुन्हा देवाला प्रार्थना केली, ती वेगळीच. चार महिने ज्याने मनात हिशेब केला होता, त्यालाच असे एका दमात उत्तर देता येते.

आडवाट ओळखावी

देवाने अब्रामाला बोलावले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाकाचा जन्म झाला तेव्हा शंभर वर्षांचा. या पंचवीस वर्षांच्या मध्ये, कनानात दहा वर्षे काढल्यावर, अब्रामाची पत्नी साराय हिने आपली दासी हागार त्याला दिली. त्या काळाच्या रीतीत ही गोष्ट चमत्कारिक नव्हती. आडवाट बहुधा व्यवहाराला धरूनच असते, म्हणून तर ती मोहात पाडते. अब्राम शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल जन्मला, आणि शास्त्रातील पुढची घटना तो नव्व्याण्णव वर्षांचा असतानाची आहे; मधल्या तेरा वर्षांविषयी एक शब्दही नाही. या घाईची किंमत ज्यांनी ती केली त्यांनी कमी मोजली आणि जिला कोणी काही विचारलेच नव्हते त्या हागारेने जास्त मोजली. देवाने तिला रानात शोधले, तिचे ऐकले आणि तिच्या मुलाचे नावच ‘देव ऐकतो’ या अर्थाचे ठेवायला लावले, ही त्या कथेतील दयेची बाजू आहे. आपल्या उतावीळपणाचे ओझे कोणा तिसऱ्यावर पडते आहे का, हा आडवाट ओळखण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत भरवशाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न असा की मी हे भीतीपोटी करत आहे का? शौल राजा गिलगाल येथे सात दिवस संदेष्टा शमुवेल याच्यासाठी थांबला. शमुवेल आला नाही, सैन्य पांगू लागले, आणि शौलाने स्वतःच होमार्पण केले. ते संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोहोचला. शौलाने दिलेली कारणे वाचून पाहावीत, एकही खोटे नाही. लोक खरोखरच पांगत होते, शत्रू खरोखरच जमला होता. घाबरलेल्या माणसाकडे कारणांची वाण नसते. याउलट दावीदाचा जीव घेण्यासाठी त्याचा पाठलाग करणारा शौल एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्या हाती आयता सापडला आणि देवानेच हा योग आणला आहे असे सोबत्यांनी सांगितले, तरी दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि त्याचेही त्याच्या मनाला लागले. संधी समोर आली म्हणजे ती देवाची खूण असतेच, असे नाही.

म्हणून मोठा निर्णय घेताना दोन साध्या गोष्टी पाळाव्यात. मन अंधारात असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात दिलेला हा सल्ला आजही तितकाच उपयोगी आहे. आणि उत्तर लगेच हवे म्हणून लोक मागे लागले तरी थोडे दिवस मागून घ्यावेत. यरुशलेमेच्या पाडावानंतर उरलेल्या भेदरलेल्या लोकांनी यिर्मयाला, देवाला विचार, अशी गळ घातली, तेव्हा देवाचे वचन त्याच्याकडे दहा दिवसांनी आले. ते दहा दिवस त्याने स्वतःच्या मनाचे काही सांगून वेळ मारून नेली नाही.

परंतु येथे एक इशारा द्यायलाच हवा. औषधोपचार करणे, कामासाठी अर्ज करणे, स्थळे पाहणे, कर्ज फेडण्यासाठी सल्ला घेणे ही आडवाट नाही. आणि मारहाण, छळ किंवा फसवणूक सोसणाऱ्या माणसाला, देवाच्या वेळेची वाट पाहा, असे सांगणे हा तर शास्त्राचा सरळसरळ गैरवापर आहे. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायासाठी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि येशूने तिलाच चिकाटीच्या प्रार्थनेचे उदाहरण म्हणून पुढे ठेवले. अशा माणसाला आधी सुरक्षित जागी नेले पाहिजे.

रोजच्या रोज

मोठा धीर एकाएकी येत नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना रोज एका दिवसापुरता मिळे; उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो टिके. चाळीस वर्षांचा हा पाठ होता. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर रोजची आणि मागणी आजचीच आहे. म्हणून सकाळी प्रार्थना करताना, ज्या गोष्टीची वाट पाहत आहोत तिच्यासाठी आजच्या दिवसापुरताच धीर मागावा. पुढचे वर्ष कसे निघेल, हा प्रश्न सकाळी मनात आला तर तो प्रार्थनेत बोलून दाखवावा आणि तिथेच ठेवावा.

दिवसभरातल्या लहान खोळंब्यांचाही सरावासाठी उपयोग करावा. रांगेत उभे असताना फोन बाहेर न काढता एखाद्या माणसासाठी प्रार्थना करणे, कोणी अडखळत बोलत असेल तर त्याचे वाक्य आपण पूर्ण न करणे, आलेल्या रागीट संदेशाला दुसऱ्या दिवशी उत्तर देणे, असे काही पुरे आहे. पौलाने गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात सहनशीलतेचा उल्लेख केला आहे, आणि तिथल्या ग्रीक शब्दाचा रोख परिस्थितीपेक्षा माणसांकडे अधिक आहे: ज्याचा राग लवकर पेटत नाही, तो सहनशील. देवाची वाट शांतपणे पाहणारा, पण घरच्यांना दोन मिनिटे उशीर झाला की तडकणारा माणूस, अजून शिकायचा आहे असे समजावे. हे मी स्वानुभवाने सांगतो.

एक वहीही ठेवावी. पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर शमुवेलाने एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले आणि येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे, असे म्हटले. ‘येथवर’ हा शब्द किती मोजून वापरलेला आहे. वहीत उत्तर मिळालेल्या प्रार्थना लिहाव्यातच, पण जिथे उत्तर मिळाले नाही आणि तरी त्या दिवशी आपण उभे राहिलो, तेही लिहावे.

धीर देणारी माणसे

धीर दिला जातो, असे सुरुवातीला म्हटले. त्यासाठी मंडळीत निदान एक माणूस असा शोधावा, ज्याच्यापुढे ‘अजून काही झाले नाही’ हे वाक्य शंभराव्यांदा म्हणता येईल. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोलले नाही. तेवढे दिवस ते उत्तम मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले.

ज्यांच्या घरातील माणूस विश्वासापासून दूर गेला आहे, त्यांना मोनिकेची गोष्ट धीर देईल. तिचा मुलगा ऑगस्टिन कार्थेजहून रोमला निघाला होता, आणि त्याने जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत राहिली. तो तिला फसवून रातोरात जहाजाने निघून गेला. इटलीत त्याला मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज भेटला, आणि 387 साली ईस्टरच्या वेळी त्याच्याच हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची तिची मागणी मान्य झाली असती, तर हे कसे घडले असते कोण जाणे. मोनिका त्याच वर्षी मरण पावली. प्रत्येक आईच्या वाट्याला असा शेवट येत नाही, म्हणून ही गोष्ट कोणाला हमी म्हणून सांगू नये. मागणी आणि मागणीच्या मागचे हित यांत अंतर असू शकते, एवढेच तिच्यातून घ्यावे.

उत्तर ‘नाही’ असेल तर

पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्याने ती विनंती पुढे चालवली नाही. तेव्हा थांबण्याचीही एक वेळ असते. ती कशी ओळखावी याचे सूत्र नाही, पण मागणी करताना आता आपण देवाशी बोलत नसून केवळ त्या गोष्टीशी झोंबत आहोत असे वाटू लागले, तर काही दिवस ती बाजूला ठेवून पाहावी. मोशेने वचनदत्त देश नबो डोंगरावरून डोळ्यांनी पाहिला, त्यात पाय ठेवला नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय तर स्पष्टच सांगतो, की विश्वासात टिकलेल्या कित्येकांना वचनाचे फळ मिळाले नाही. त्यांनी ते दुरून पाहिले आणि त्याला नमस्कार केला. अशा वेळी शोक करावा, आणि त्यासाठी लागेल तितका वेळ घ्यावा.

आता तो तीन रकान्यांचा कागद. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तशात त्याने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल चांदीला विकत घेतले, साक्षीदार घेऊन खरेदीखत केले, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितले. व्यवहार पूर्ण झाल्यावर त्याने जी प्रार्थना केली, तिच्यात बुचकळ्यात पडलेल्या माणसाचा सूर आहे: नगर शत्रूच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस. आपला कागदही असाच पाकिटात घालून, वर आजची तारीख घालून ठेवून द्यावा. सहा महिन्यांनी तो उघडावा, पहिल्या रकान्यातील वाक्य आजही आपण तसेच लिहिले असते का ते पाहावे, आणि नवा कागद घेऊन त्यावर या वेळी दोनच रकाने आखावेत.